चार व्हायोलिनांचा कंचेर्तो (विवाल्दी)

चार व्हायोलिनांचा कंचेर्तो, बी मायनर (आर.व्ही. ५८०) ही इटालियन संगीतकार अंतोनियो विवाल्दी (१६७८–१७४१) याची तंतुवाद्यांसाठीची रचना आहे. 'लेस्त्रो आर्मोनिको' या बारा कंचेर्तोंच्या संग्रहातील ही दहावी रचना असून तो संग्रह १७११ मध्ये ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. चार एकल व्हायोलिने, त्यांच्या जोडीला एक चेलो आणि साथीला लहानसा तंतुवाद्यमेळ अशी तिची योजना आहे. बरोक कालखंडातील यूरोपीय संगीतात तिला मानाचे स्थान आहे. योहान सेबास्टियन बाख या जर्मन संगीतकाराने पुढे तिचे चार हार्प्सिकॉर्डांसाठी रूपांतर केले. पुढची पिढ्यानपिढ्या ही रचना श्रोत्यांपर्यंत पोहोचली ती मुख्यतः या रूपांतरातून, आणि मूळ कर्त्याचे नाव दीर्घकाळ त्या छायेतच राहिले. संपूर्ण वादनास साधारणतः दहा मिनिटे लागतात.

== नाव आणि क्रमांक ==

'कंचेर्तो' या इटालियन शब्दाचा उच्चार मराठीत इंग्रजीच्या वळणाने 'कॉन्सर्टो' असाही केला जातो. एक किंवा काही निवडक वादक आणि उरलेला वाद्यवृंद यांच्यातील संवाद हा या रचनाप्रकाराचा गाभा होय. 'लेस्त्रो आर्मोनिको' या शीर्षकातील 'एस्त्रो' म्हणजे स्फूर्ती, ऊर्मी किंवा लहर. 'आर्मोनिको' म्हणजे स्वरसंहतीविषयक. 'स्वरसंहतीची ऊर्मी' हे त्याचे जवळचे भाषांतर ठरेल. नियमांनी बांधलेल्या स्वरसंहतीला मनस्वी ऊर्मीची जोड देणारे हे शीर्षक हेतुपूर्वक निवडलेले दिसते.

'आर.व्ही.' ही अक्षरे डेन्मार्कचे संगीताभ्यासक पेटर रियोम यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केलेल्या विवाल्दी-सूचीची निदर्शक आहेत. त्यापूर्वी अनेक परस्परविसंगत सूची प्रचलित असल्यामुळे एकाच रचनेला तीन-चार क्रमांक मिळालेले आढळतात. जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर हा कंचेर्तो 'ओपस ३, क्रमांक १०' असा नोंदविलेला असतो, आणि तो क्रमांकही बरोबरच आहे.

'बी मायनर' ही त्याची पट्टी. हार्मोनियमच्या परिचित भाषेत 'बी' म्हणजे पांढरी सात. पाश्चात्त्य मायनर स्वरसप्तकाचे मूळ रूप आपल्या आसावरी थाटाशी जुळते, म्हणजे त्यात गांधार, धैवत व निषाद कोमल असतात. मात्र स्वरसंहतीच्या गरजेनुसार निषाद वारंवार शुद्ध होतो व अशा वेळी किरवाणीची आठवण व्हावी असा स्वरमेळ कानी पडतो. ही तुलना स्वरांपुरतीच खरी. रागाचे चलन, वादी-संवादी, न्यासस्वर या गोष्टी येथे शोधू नयेत.

== पार्श्वभूमी ==

विवाल्दीचा जन्म ४ मार्च १६७८ रोजी व्हेनिस येथे झाला. वडील व्हायोलिनवादक असल्याने वादनाचे पहिले धडे घरातच मिळाले. १७०३ मध्ये त्याला धर्मगुरूची दीक्षा मिळाली. केसांच्या रंगामुळे लोक त्याला 'तांबडा पाद्री' म्हणत. छातीच्या जुनाट विकारामुळे थोड्याच काळात त्याने प्रार्थनाविधी चालविण्याचे सोडून दिले आणि त्याच वर्षी 'ऑस्पेदाले देल्ला पिएता' या संस्थेत तो व्हायोलिनशिक्षक म्हणून रुजू झाला.

ही संस्था समजून घेतल्याशिवाय विवाल्दीचे संगीत पुरते समजत नाही. पिएता हे अनाथ व टाकून दिलेल्या मुलांचे आश्रयस्थान होते. चौदाव्या शतकापासून चालत आलेल्या या संस्थेच्या भिंतीत एक कोनाडा असे आणि नवजात मूल त्यात ठेवून जाणाऱ्या व्यक्तीची चौकशी होत नसे. मुलगे मोठे झाल्यावर एखादा हुन्नर शिकून बाहेर पडत. मुली मात्र बहुधा तेथेच राहत. त्यांपैकी ज्यांचा गळा वा हात चांगला, त्यांना संगीताचे कसून शिक्षण दिले जाई. गायन, व्हायोलिन, चेलो, ओबो, ऑर्गन अशी सर्व अंगे मुलीच सांभाळत व थोरल्या मुली धाकट्यांना शिकवत. चर्चमधील सज्ज्यात लोखंडी जाळीआड बसून त्या वादन करीत. श्रोत्यांना स्वर ऐकू येत, वादिका दिसत नसत. ते ऐकण्यासाठी यूरोपभरचे प्रवासी व्हेनिसला येत आणि त्यांच्या देणग्यांवर संस्थेचा खर्च बऱ्याच अंशी भागे.

या मुलींना आडनाव नव्हते. कागदपत्रांत त्यांची नोंद नाव आणि वाद्य अशी होई. विवाल्दीच्या सर्वांत नामवंत शिष्येची नोंद 'आन्ना मारिया दाल व्हियोलिन', म्हणजे 'व्हायोलिनची आन्ना मारिया' अशी सापडते. तिच्यासाठी त्याने अनेक कंचेर्तो लिहिले. जिला कुळाचे नाव मिळाले नाही, तिला वाद्याने नाव दिले. आपल्याकडे घराण्याच्या नावाने कलावंत ओळखला जातो. येथे घरच नसलेल्या मुलींची ओळख वाद्याने झाली.

संस्थेच्या कारभारी मंडळापुढे शिक्षकांच्या नेमणुका दरवर्षी मताला टाकल्या जात. १७०९ मध्ये मत विरुद्ध गेल्याने विवाल्दीची नोकरी गेली आणि १७११ मध्ये ती पुन्हा मिळाली. 'लेस्त्रो आर्मोनिको' त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. त्यातील रचना पिएतातील सेवेच्या वर्षांत आकाराला आल्या असे मानले जाते. एकाच तोलाच्या चार व्हायोलिनांची कल्पना कोणत्या वातावरणात रुजली असेल, हे त्या वर्गाचे चित्र डोळ्यांसमोर आणल्यास सहज ध्यानात येते.

== प्रकाशन ==

व्हेनिस हे एके काळी संगीतमुद्रणाचे मोठे केंद्र होते. पण तेथील मुद्रक अठराव्या शतकातही सुट्या खिळ्यांनीच स्वरलिपी छापत. द्रुत स्वरांची रांग एका आडव्या दांडीने जोडून दाखविणे त्या पद्धतीत अवघड होते, त्यामुळे वेगवान व्हायोलिनसंगीत वाचताना वादकाची तारांबळ उडे. ॲमस्टरडॅमचा प्रकाशक एस्त्येन रोजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छपाई करी. त्याची पाने सुबक व वाचायला सोपी असत आणि त्याची विक्रीव्यवस्था यूरोपभर पसरलेली होती. विवाल्दीने व्हेनिस सोडून आपला संग्रह रोजेकडे दिला आणि प्रस्तावनेत त्याच्या कोरीव कामाची वाखाणणी केली. व्हेनिसमधील मुद्रणव्यवसायाला लागलेल्या उतरत्या कळेचे हे एक ठळक लक्षण होते.

संग्रह तस्कनीचा युवराज फेर्दिनांदो दे मेदिची यास अर्पण केलेला आहे. हा राजपुत्र संगीताचा खरा जाणकार होता. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने पियानो हे वाद्य प्रथम घडविले ते याच फेर्दिनांदोच्या पदरी असताना.

बाराही रचनांच्या मिळून आठ स्वतंत्र पुस्तिका छापण्यात आल्या: चार व्हायोलिनांच्या, दोन व्हियोलांच्या, एक चेलोची आणि एक खर्जाच्या साथीची. सर्व वाद्यांचे स्वर एकाखाली एक दाखविणारी संकलित प्रत छापलेली नव्हती. संपूर्ण रचना कागदावर पाहायची असेल, तर आठ पुस्तिका समोर ठेवून हाताने उतरवून काढावी लागे. त्या काळच्या अनेक संगीतकारांनी विवाल्दीचा अभ्यास असाच केला. संग्रहाच्या आवृत्त्या लंडन व पॅरिसमध्येही निघाल्या. जर्मन बासरीवादक योहान योआखिम क्वान्ट्स याने १७१४ च्या सुमारास पिर्ना येथे विवाल्दीचे कंचेर्तो प्रथम पाहिले आणि त्यांचा आपल्यावर खोल ठसा उमटल्याची नोंद आपल्या आत्मवृत्तात केली.

या काळाचा मराठी मुलखाशी मेळ घालून पाहिला तर एक योगायोग नजरेस येतो. १७११ मध्ये ठाणे, साष्टी आणि वसई हा प्रदेश पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता. मराठ्यांनी ठाणे घेतले १७३७ मध्ये आणि वसई १७३९ मध्ये. तेव्हा विवाल्दी हयात होता. थोरले बाजीराव पेशवे १७४० मध्ये निवर्तले, विवाल्दी त्यानंतरच्या वर्षी.

== वाद्यमेळ ==

संग्रहातील बारा कंचेर्तो तिनातिनांच्या चार गटांत मांडलेले आहेत. प्रत्येक गटात पहिला चार व्हायोलिनांचा, दुसरा दोन व्हायोलिनांचा आणि तिसरा एका व्हायोलिनचा असा क्रम आहे. त्यानुसार पहिला, चौथा, सातवा आणि दहावा हे चार व्हायोलिनांचे ठरतात. या चौघांतही दहावा सर्वांत बांधेसूद मानला जातो.

खर्जातील साथीला 'बासो कंटिन्युओ' म्हणतात. त्यात एखादे खर्जाचे तंतुवाद्य आणि हार्प्सिकॉर्ड यांचा समावेश असतो. हार्प्सिकॉर्ड हे पट्ट्यांचे वाद्य असले, तरी त्यात तारेवर हातोडी पडत नाही; एक लहानसे टोक तार छेडते. कंटिन्युओची तुलना तानपुऱ्याशी करण्याचा मोह होतो, परंतु दोहोंचे काम निराळे आहे. तानपुरा षड्ज अचल ठेवतो आणि गायक त्या स्थिर भूमीवर वावरतो. कंटिन्युओ ही चालती भूमी होय. खर्जाचा स्वर सतत बदलतो व त्याबरोबर वरच्या स्वरांचा अर्थही बदलतो.

विवाल्दीच्या काळचे व्हायोलिन आजच्यापेक्षा काहीसे वेगळे होते. तारा आतड्याच्या असत, स्वरपट्टी आखूड असे, हनुवटी टेकण्यासाठी बसविलेला तुकडा नसे आणि गजाची घडण हलकी असे. त्यामुळे नाद कमी मोठा, पण उच्चार अधिक स्पष्ट येई. व्हायोलिनच्या चार तारा पाश्चात्त्य पद्धतीत एकमेकींपासून पंचमाच्या अंतराने लावतात. भारतीय वादक बैठक मारून, वाद्याचे टोक पायाशी टेकवून आणि तारा षड्ज-पंचमात मिळवून वाजवतात. गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, दामोदर दातार यांच्या हातून मींडप्रधान, गायकी अंगाचे वादन घडले त्यामागे या जुळणीचाही वाटा आहे. वाद्य तेच राहून केवळ बैठक व जुळणी बदलल्याने त्याची बोली किती पालटते, हे या दोन परंपरा शेजारी ठेवून ऐकल्यास कळते.

== रचनेचे स्वरूप ==

कंचेर्तोचे तीन भाग आहेत: द्रुत (आल्लेग्रो), विलंबित (लार्गो – लार्गेत्तो – आदाजो – लार्गो) आणि पुन्हा द्रुत (आल्लेग्रो).

=== पहिला भाग ===

तत्कालीन संकेतानुसार कंचेर्तोचा प्रारंभ सर्व वाद्यांच्या एकत्रित घोषाने होई आणि मग एकल वादक पुढे येई. येथे क्रम उलटा आहे. सुरुवात एकल व्हायोलिने करतात. खर्जाची साथ तोवर गप्प असते. ठाशीव लयीतील एक छोटी स्वराकृती एका व्हायोलिनकडून दुसऱ्याकडे जाते आणि काही मात्रांनंतर सारा वाद्यमेळ एकदम उतरतो. हा उशीर जाणीवपूर्वक केलेला आहे. खर्ज आल्याबरोबर श्रोत्याला पायाखाली जमीन लागल्याचा भास होतो.

भागाची उभारणी 'रितोर्नेल्लो' या तत्त्वावर आहे. रितोर्नेल्लो म्हणजे परतणारे. सर्व वाद्यांनी मिळून वाजवायचा एक ठरलेला खंड पुनःपुन्हा परततो आणि दोन परतींच्या मध्ये एकल वादकांना वाव मिळतो. ख्यालगायनातील मुखडा येथे आठवल्यावाचून राहत नाही. आलाप-तानांचा विस्तार करून गायक मुखडा घेऊन समेवर येतो, तेव्हा श्रोत्याला घरी परतल्यासारखे वाटते. रितोर्नेल्लोचे कामही तेच. फरक असा की मुखडा नेहमी त्याच षड्जावर परततो, तर रितोर्नेल्लो दर वेळी वेगळ्या पट्टीत परतू शकतो. घर तेच, पण दर वेळी वेगळ्या गावात. मूळ पट्टीतील अखेरची परत येते तेव्हाच प्रवास संपला अशी खात्री पटते.

चारही व्हायोलिनांचा तोल विवाल्दीने फार काळजीने सांभाळला आहे. एकाने मांडलेले वाक्य दुसरे उचलते, तिसरे व चौथे जोडीने उत्तर देतात, मध्येच चेलो खालून द्रुत स्वरांची लकेर घेऊन वर येतो. कोणा एकाला मुख्य आणि इतरांना दुय्यम म्हणता येत नाही. याला जुगलबंदी म्हणणेही फारसे बरोबर नाही. जुगलबंदीत वादक आपापला विस्तार तत्क्षणी करतात व त्यात चढाओढीची गोडी असते. येथे प्रत्येक स्वर लिहिलेला आहे आणि गोडी आहे ती वाटून घेण्याची.

=== दुसरा भाग ===

या भागाला ठरलेली अशी चालच नाही. प्रारंभी आणि अखेरीस सर्व वाद्ये मिळून खंडित लयीतील भारदस्त स्वरसमूह वाजवतात. त्यांच्यामधील लार्गेत्तो हा या रचनेतील सर्वांत नवलाचा भाग होय.

लार्गेत्तोत चारही एकल व्हायोलिने एकाच वेळी वाजतात आणि चौघांपाशी एकच साहित्य असते: स्वरसमूहातील स्वर एकामागून एक सुटे करून वाजविणे, ज्याला 'आर्पेज्जो' म्हणतात. परंतु प्रत्येकाला गज चालविण्याची रीत वेगळी नेमून दिलेली आहे. कोणी स्वर एका गजात जोडून घ्यायचे, कोणी प्रत्येक स्वर तोडून वाजवायचा, कोणी काही जोडायचे व काही सुटे ठेवायचे. परिणामी स्वर तेच असूनही नादाचे चार पोत एकमेकांत विणले जातात. गाणे असे काहीच घडत नाही, तरी कान खिळून राहतो, कारण स्वरसंहती हळूहळू रंग बदलत असते आणि तिचा पृष्ठभाग पाण्यावरील उन्हाप्रमाणे हलत असतो. चाल, बोल, लय यांच्यावाचून केवळ पोताच्या बळावर संगीत उभे करण्याचा हा प्रयोग १७११ साली छापला गेला, ही गोष्ट कितीही वेळा ध्यानात घेतली तरी थोडीच आहे.

प्रथम ऐकणाऱ्याला येथे काही चुकते आहे की काय असे वाटण्याचा संभव असतो. चार वादकांपैकी एकाचे गज चालविणे दुसऱ्यासारखे झाले, तर सारा परिणाम नाहीसा होतो. त्यामुळे दिसायला सोपा असणारा हा भाग सरावाच्या दृष्टीने अतिशय अवघड आहे.

=== तिसरा भाग ===

शेवटचा भाग त्रिमात्रिक झोक्याच्या, नृत्यासारख्या लयीत चालतो. एकल व्हायोलिने पुन्हा आळीपाळीने पुढे येतात. पहिल्या भागाच्या मानाने यातील रचनाविचार साधा आहे आणि तसा तो असणे योग्यही वाटते. दुसऱ्या भागातील गूढ वातावरणानंतर श्रोत्याला मोकळे वारे हवे असते.

== बाखने केलेले रूपांतर ==

वायमारच्या दरबारातील तरुण राजपुत्र योहान अर्न्स्ट नेदरलँड्समध्ये शिक्षण घेऊन १७१३ मध्ये परतला, तेव्हा त्याने संगीताच्या पुष्कळ प्रती बरोबर आणल्या. बाख तेव्हा त्याच दरबारी ऑर्गनवादक होता. त्या सुमारास त्याने इटालियन कंचेर्तोंची ऑर्गन व हार्प्सिकॉर्ड यांसाठी रूपांतरे करण्यास प्रारंभ केला. 'लेस्त्रो आर्मोनिको'मधील एकूण सहा कंचेर्तो त्याने रूपांतरित केले. राजपुत्र स्वतःही चांगला संगीतकार होता, परंतु वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, १७१५ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

चार व्हायोलिनांच्या या कंचेर्तोकडे बाख वळला तो पुष्कळ नंतर, १७३० च्या आसपास, लाइपत्सिग येथे. तेथील हौशी व विद्यार्थी वादकांच्या मंडळाचे नेतृत्व त्याच्याकडे होते आणि त्यांच्या बैठका एका कॉफीगृहात होत. चार व्हायोलिनांच्या जागी त्याने चार हार्प्सिकॉर्डे योजली आणि पट्टी एका स्वराने खाली, बी मायनरवरून ए मायनरवर, म्हणजे पांढरी सातवरून पांढरी सहावर आणली. बाखच्या सूचीत ही रचना बी.डब्ल्यू.व्ही. १०६५ या क्रमांकाने नोंदलेली आहे.

या स्थलांतरात एक खरी अडचण होती. व्हायोलिनचा स्वर गजाने लांबविता येतो, फुलविता येतो, मऊ वा टोकदार करता येतो. हार्प्सिकॉर्डची पट्टी दाबली की स्वर उमटतो आणि लगेच विरू लागतो; जोराने दाबल्याने तो मोठा होत नाही. लार्गेत्तोची सारी जादू तर गजाच्या भेदांवर उभी. बाखने चार हार्प्सिकॉर्डांना स्वर सुटे करण्याचे चार वेगवेगळे आकृतिबंध देऊन ती कोंडी सोडविली, आणि डाव्या हातांसाठी नवे स्वर लिहून मधल्या जागा भरल्या. रचना अधिक दाट झाली. मूळ रचनेतील हवेशीरपणा मात्र काहीसा कमी झाला. बाखने विवाल्दीची रचना 'सुधारली' असे एकोणिसाव्या शतकातील काही जर्मन अभ्यासक म्हणत, ते मत आज फारसे कोणी स्वीकारत नाही. दोन निराळ्या वाद्यांसाठीचे दोन निराळे निर्णय म्हणून त्यांच्याकडे पाहणे अधिक न्याय्य होय.

या संग्रहातील अकराव्या कंचेर्तोचे नशीब तर आणखी विचित्र ठरले. त्याचे बाखने ऑर्गनसाठी केलेले रूपांतर बाखच्याच हस्ताक्षरात टिकून राहिले, परंतु थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडमान याने त्या प्रतीवर ही रचना आपली असून वडिलांनी ती केवळ उतरवून घेतली, अशा अर्थाची नोंद केली. एकोणिसाव्या शतकात ती त्याच्याच नावे छापली गेली. खरा प्रकार १९११ मध्ये, म्हणजे मूळ प्रकाशनाला बरोबर दोनशे वर्षे झाल्यावर उघडकीस आला.

== विस्मरण व पुनर्शोध ==

विवाल्दीचे अखेरचे दिवस हलाखीचे होते. व्हेनिसमधील अभिरुची बदलल्यावर तो व्हिएन्नाला गेला आणि २८ जुलै १७४१ रोजी तेथेच वारला. त्याचा दफनविधी अगदी साधेपणाने उरकण्यात आला. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षे त्याचे नाव संगीताच्या इतिहासात तळटिपेपुरते उरले, आणि तेही बहुधा बाखच्या चरित्रात. एकोणिसाव्या शतकात बाखच्या साहित्याचे पद्धतशीर प्रकाशन सुरू झाले, तेव्हा चार हार्प्सिकॉर्डांच्या कंचेर्तोचे मूळ शोधण्याची गरज अभ्यासकांना भासली. बाखसारख्याने ज्याच्या रचना इतक्या वेळा हाताळल्या तो माणूस सामान्य नसावा, हा विचार हळूहळू बळावला.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात चित्र पालटले. १९२६ मध्ये उत्तर इटलीतील एका धार्मिक शाळेच्या संग्रहात विवाल्दीची हस्तलिखिते असल्याचे तूरिनचे प्राध्यापक अल्बेर्तो जेंतिली यांच्या ध्यानात आले. पुढील शोधात संग्रहाचा उरलेला निम्मा भाग एका सरदार घराण्यात सापडला. दोन्ही भाग विकत घेण्यास ग्रंथालयाकडे पैसा नव्हता. रोबेर्तो फोआ आणि फिलिप्पो जोर्दानो या दोन गृहस्थांनी एकापाठोपाठ तो खर्च उचलला. दोघांचीही मुले बालपणीच दगावली होती आणि हस्तलिखितांचे ते दोन भाग आजही त्या मुलांच्या नावाने तूरिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जतन केलेले आहेत. १९३८ मध्ये इटलीत वंशवादी कायदे लागू झाल्यावर ज्यू असलेल्या जेंतिली यांना या कामातून बाजूला व्हावे लागले. पुढल्याच वर्षी सिएना येथे विवाल्दीच्या संगीताचा पहिला मोठा सप्ताह साजरा झाला.

चार व्हायोलिनांचा कंचेर्तो मात्र अर्थाने हरवलेला कधीच नव्हता. तो छापील असल्याने यूरोपातील अनेक ग्रंथालयांत त्याच्या पुस्तिका पडून होत्या. हरवली होती ती वाजविण्याची इच्छा.

== महाराष्ट्र आणि गोवा ==

विवाल्दीच्या काळी गोव्यात आणि उत्तर कोकणातील ख्रिस्ती वस्त्यांत पाश्चात्त्य संगीत चर्चच्या मार्गाने पोहोचलेले होते. गोव्यात चर्चशी जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपिवाचन, गायन आणि व्हायोलिन शिकविण्याची प्रथा दीर्घकाळ टिकली. पिएताप्रमाणेच येथेही संगीत हे धर्मसंस्थेच्या छत्राखाली शिकविले जाई आणि गरीब घरच्या मुलांना त्यातून चरितार्थाचे साधन मिळे. या परंपरेतील अनेक वादक विसाव्या शतकात मुंबईस आले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतील तंतुवाद्यांची फळी त्यांनी सांभाळली. मजोर्डा येथे जन्मलेले अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्यांतील विख्यात व्हायोलिनवादक व शिक्षक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल हे त्यांचे शिष्य होत. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) या चित्रपटातील गाण्यात आलेले नाव गुरूला दिलेली मानवंदनाच होती.

मुंबईत पाश्चात्त्य वाद्यवृंद रुजविण्याच्या कामात व्हायोलिनवादक मेहली मेहता (१९०८–२००२) यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. मुंबईतच जन्मलेले त्यांचे पुत्र झुबिन मेहता पुढे जगविख्यात संचालक झाले. २००६ पासून नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वाद्यवृंद कार्यरत आहे.

मुंबई-ठाणे परिसरात व्हायोलिनचे पाश्चात्त्य शिक्षण घेणारी मुले विवाल्दीला बहुधा याच संग्रहातून प्रथम भेटतात, मात्र सहाव्या, म्हणजे एका व्हायोलिनच्या ए मायनर कंचेर्तोतून. जपानी शिक्षक शिनिची सुझुकी यांच्या पद्धतीच्या चौथ्या पुस्तकात त्याचे पहिला व तिसरा हे भाग समाविष्ट आहेत. दहावा कंचेर्तो त्या मानाने क्वचित वाट्याला येतो. कारण उघड आहे: त्यासाठी सारख्या तयारीचे चार वादक एका ठिकाणी जमावे लागतात, आणि चौघांनाही दुसऱ्याचे ऐकत वाजवायची सवय असावी लागते.

== वादन आणि ध्वनिमुद्रणे ==

दुसऱ्या महायुद्धानंतर दीर्घकाळ चालणाऱ्या ध्वनिमुद्रिका आल्या आणि विवाल्दीचे संगीत घरोघर पोहोचले. सुरुवातीच्या वादनांत मोठा वाद्यवृंद, संथ लय आणि भरघोस कंप असे. १९७० नंतर जुन्या घडणीची वाद्ये व लहान वाद्यमेळ वापरून मूळ नादाच्या जवळ जाण्याचा प्रयत्न सुरू झाला. काही मंडळी तर प्रत्येक पुस्तिकेमागे एकच वादक ठेवतात. लार्गेत्तोतील चार पोत अशा वादनात स्पष्ट वेगळे ऐकू येतात. मोठ्या वाद्यवृंदात ते एकमेकांत मिसळून जातात.

या कंचेर्तोचे एक संस्मरणीय वादन डिसेंबर १९८२ मध्ये तेल अवीव येथे झाले. इस्रायल फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचे संस्थापक ब्रोनिस्लाव हुबरमान यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भरलेल्या महोत्सवात झुबिन मेहता यांच्या संचालनाखाली आयझॅक स्टर्न, इडा हेंडेल, इव्हरी गिटलिस आणि श्लोमो मिंट्स यांनी चार व्हायोलिने वाजविली. चौघेही एरवी एकट्याने सभागृह भरविणारे वादक. त्यांच्या वयांत व वादनशैलींत मोठे अंतर होते, आणि लार्गेत्तोत विवाल्दीने मागितलेले चार वेगळे गज त्या वादनात चार वेगळ्या स्वभावांनिशी ऐकू येतात. हा कार्यक्रम चित्रमुद्रित असून तो पाहताना एकाचे वाक्य दुसरा कसा उचलतो हे डोळ्यांनाही दिसते.